लाँड्रीच्या पावतीवरचा नंबर

माझ्या मुलीला घरात सगळे ताई म्हणतात. धाकट्या भावामुळे पडलेलं नाव. मग तिचे बाबा, मी, शेजारपाजार, सगळ्यांचीच ती ताई झाली. ताई परदेशात इंग्रजी शिकवते. हे वाक्य मी आजवर पुष्कळ जणींना ऐकवलं आहे, आणि ऐकणारीचा चेहरा जरासा पडला की मला बरंही वाटलं आहे. पण शिकवते म्हणजे दिवसभर नेमकं काय करते, ते मी तिच्याकडे अडीच महिने राहायला गेले तेव्हाच पाहिलं.

शाळा म्हणजे दुकानांच्या इमारतीतला दुसरा मजला. खाली चष्म्याचं दुकान, वर पाच वर्ग. प्रत्येक दाराला काच, प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा. आईबाप बाहेर बसून पडद्यावर आपापलं मूल बघत असतात. सकाळी दोन तास शिकवायचं, मग मधे पाच तास काही नाही, मग पुन्हा चार ते आठ. घरी येऊन परत जायचं तर दोन तास बसमध्येच जातात, म्हणून ताई तिथेच थांबायची. मी दुपारी डबा घेऊन जायची. त्या रिकाम्या वेळात ती चित्रांची कार्डं करायची. जुन्या कॅलेंडरची पानं कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर बेडूक, छत्री, शिडी, रुसलेला मुलगा. अशी तीनशे कार्डं. विद्यापीठात दुसरी आलेली माझी मुलगी दिवसातून चाळीस वेळा "हा बेडूक आहे" असं इंग्रजीत म्हणायची, तेही उडी मारून. संध्याकाळी घरी आली की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

पहिल्या दिवशीची गोष्ट तिने मला हसत सांगितली. एका मुलाच्या वडिलांनी तिच्या हातात भिजलेली छत्री दिली आणि विचारलं, "टीचर कधी येणार?"

"मग तू काय केलंस?"

"छत्री स्टँडमध्ये ठेवली. आणि म्हटलं, आल्यात."

मला काही हसू आलं नाही.

अशी छत्री हसऱ्याच्या हातात कोणी कधी दिली नसेल. हसऱ्या हे मी ठेवलेलं नाव. शाळेतला दुसरा शिक्षक, ताईच्याच वयाचा, इंग्रजी बोलणाऱ्या देशातला, उंच, गोरा, कायम दात दाखवणारा. शिकवायचं कसं हे तो कुठेच शिकला नव्हता. फिरायला आला आणि राहिला. शाळेच्या जिन्यावर त्याचा दाराएवढा फोटो. वर्गात जाताजाता ताईच्या टेबलावरून तो कार्डांचा गठ्ठा उचलायचा, आणि मुलं घरी सांगायची की सरांनी किती छान बेडूक काढलाय. आयत्या बिळावर नागोबा! मला पाहिलं की "बरं आहे ना?" असं मराठीत विचारायचा. तेही ताईनेच शिकवलेलं.

"त्याला कार्डं देतेस कशाला?"

"आई, कार्डं काय झिजतात का?"

"तू झिजतेस ना."

त्या रात्री तिने कार्डं पिशवीत घालून घरी आणली. म्हणजे तिच्याही पोटात दुखत होतं. मी मात्र त्याच्यावर उघडउघड जळत होते.

मग संचालकबाईंनी दोघांना बोलावून सांगितलं की मुलं कमी झाली आहेत. पुढच्या वर्षी दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. ठरवणार पालक. दर सत्राच्या शेवटी तिथे खुला वर्ग असतो. पालक मागे बसतात, दोन्ही शिक्षक त्याच मुलांना वीस-वीस मिनिटं शिकवतात, आणि प्रत्येक पालकाला एक चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर दोघांचे छोटे फोटो, फोटोंखाली चौकोन, आणि मुलाचं नाव व फोन लिहायला जागा. ज्याच्या चौकोनात खुणा जास्त, त्याचा करार पुढे. करार नसेल तर त्या देशात राहायची परवानगी महिन्याभरात संपते.

खरं सांगायचं तर मी गेल्यापासून देव पाण्यात घालून बसले होते. ताईने परत यावं, इथल्या एखाद्या कॉलेजात शिकवावं, रविवारी आमच्याकडे जेवायला यावं. फोनवर तिचे बाबा म्हणालेसुद्धा, "मग बरंच झालं की! तुझ्या मनासारखं." मीही "हो ना" म्हटलं.

खुल्या वर्गाला मी मागे बसले होते, मुलांच्या गुडघाभर उंचीच्या खुर्चीत. आधी ताईची पाळी. तिचा धडा एखाद्या नीट घडी घातलेल्या साडीसारखा होता. प्रत्येक मूल बोललं, मागच्या रांगेतला तोतरा मुलगासुद्धा. त्याच्यासाठी ती दोन मिनिटं नुसती थांबली, कोणाला हसू दिलं नाही. पालक फोन बघत होते. मग हसऱ्या आला. खडू विसरला, डोक्यावर कचऱ्याची टोपली घेतली, टेबलाला अडखळला. मुलं खिदळली. पालकांचे फोन वर झाले, शूटिंगसाठी. आणि मग त्याने खिशातून आधीच कधीतरी उचललेलं बेडकाचं कार्ड काढलं. ताईच्या हातचा, डावा डोळा जरा मोठा झालेला तो बेडूक. टाळ्या पडल्या. ताईपण टाळ्या वाजवत होती.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं. काउंटरवरची मुलगी चिठ्ठ्या वाटत आली, मला पालक समजून तिने एक माझ्याही हातात दिली. पालक तर मी होतेच. मी ताईच्या चौकोनात खूण केली. मुलाचं नाव? ताईच्या तिथल्या गल्लीतल्या लाँड्रीवालीला दोन वेण्यांची सात वर्षांची मुलगी होती. तिचं नाव लिहिलं. फोन? पर्समध्ये लाँड्रीची पावती होती, तिच्यावरचा नंबर उतरवला. चिठ्ठी पेटीत टाकली आणि मग लक्षात आलं की अडीच महिने मी जे मागत होते, ते मीच माझ्या हाताने घालवायला निघाले होते. ती घरी यावी एवढं हवं होतं, पण हसऱ्याकडून हरून नको होतं.

दोन दिवसांनी कळलं. ताई बारा, हसऱ्या अकरा. ताईने मला उचलून गोल फिरवलं. मी म्हटलं, "अगं, कंबर!" पण आतून मी फुगले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबा उघडतच होतो, तेवढ्यात लाँड्रीवाली आली. बरोबर तिची मुलगी, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, पायात नवे बूट. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठ्यांवरच्या सगळ्या नंबरांवर फोन केले होते, नव्या सत्राची जागा ठेवली आहे म्हणून. लाँड्रीवालीला वाटलं, हे आम्हीच शेजारधर्माने फुकट जमवलं. तिने माझे दोन्ही हात धरले, तिच्या भाषेत भरभर बोलली. मला शब्द कळला नाही, अर्थ सगळा कळला. मग काउंटरवरून तिच्यापुढे फीचा कागद सरकवला गेला. तिने तो वाचला, परत वाचला, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

ताईने चिठ्ठी मागून घेतली. उजवीकडे कललेलं माझं अक्षर तिने जन्मभर वह्यांवर पाहिलं आहे.

"आई, हे काय केलंस?"

"फाडून टाक ना. कोणाला कळतंय?"

"ती नवे बूट घालून आलीये."

एवढंच बोलली. लाँड्रीवालीची तिच्या भाषेत माफी मागितली, मुलीजवळ उकिडवी बसून काहीतरी सांगितलं, आणि चिठ्ठी घेऊन सरळ संचालकबाईंच्या खोलीत गेली. काचेतून दिसत होतं. बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी चिठ्ठी काढली तर अकरा-अकरा. पण त्यानंतर कोण मोजत बसतंय? करार हसऱ्याला मिळाला.

बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "मग आता घरी चल."

"तुला मी जिंकायला हवी होते की घरी यायला?"

मी डब्याचं झाकण घट्ट लावत बसले.

ती परत आली नाही. परवानगीची मुदत संपायला सहा दिवस उरले असताना तिला शहराच्या टोकाला एका छोट्या शाळेत जागा मिळाली. दोन बस बदलून जाते. मी एकटीच परतले. मागच्या महिन्यात हसऱ्याचा तिला फोन आला, बेडकाचं कार्ड फाटलं, दुसरं आहे का म्हणून. तिने काढून दिलं.

"का दिलंस?" मी फोनवर ओरडलेच.

"मुलं तीच आहेत ना, आई."

आणि रविवार. रविवारी सकाळी लाँड्रीवालीची मुलगी तिच्या खोलीवर शिकायला येते. बूट घातले होते ते फुकट जायला नकोत, असं ताईने त्या दिवशी दुपारीच तिला सांगून टाकलं होतं. आमचा व्हिडिओ फोनही रविवारचाच, त्यामुळे दहा मिनिटांतली पाच तिची. परवा तिने मला बेडूक करून दाखवला. उडी सुंदर मारली, बोललीही स्वच्छ. मी टाळ्या वाजवल्या. मग तिच्या वेणीची रिबीन सुटली, तशी ताईने तिला पुढ्यात ओढलं आणि बांधून दिली. दोन वेढे, आणि गाठ आत खोचलेली. मी ताईला बांधायचे तशीच.

"रविवारी तिच्या आईला काही काम नसतं का गं?" मी विचारलं.

पलीकडे ताई हसायला लागली. "आई, आता हिच्यावर पण?"