रेणुकाबाई, फियाट आणि दुधाचं पातेलं

रेणुकाबाईंनी गाडी शिकायचं काढलं तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. नवरा किशनराव म्हणाले, या वयात कशाला? मुलगा आदर्श म्हणाला, मम्मी, कुठं जायचं ते सांग, मी कॅब बुक करून देतो. बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी बरकतपुऱ्याच्या ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या त्या. तुंबलेला वॉर्ड एकटीनं सांभाळणाऱ्या बाईला क्लचची भीती ती काय वाटणार!

गाडी घरचीच होती. किशनरावांची जुनी फियाट नल्लकुंट्यात बिल्डिंगच्या खाली धूळ खात पडलेली. आदर्शनं तिच्यात अलीकडच्या एका गाडीचं इंजिन बसवलं आणि रीतसर कागदपत्रंही करून घेतली. बाहेरून तीच गोलमटोल आकाशी फियाट, मागच्या काचेवर निळं अशोकचक्र. बॉनेट उघडलं की आत दुसराच प्राणी. रविवारी शहरातल्या जुन्या गाड्यांची फेरी अनंतगिरीचा घाट चढून जाणार होती. फियाटचा चालक म्हणून नाव दिलं होतं रेणुकाबाईंचं. त्या आठवडाभर हवेत होत्या. चहा गाळतानासुद्धा पाय गिअर बदलल्यासारखे हलायचे.

आणि शुक्रवारी गाडीनं घोळ घातला. इंजिनातलं पाणी, म्हणजे कूलंट, किती तापलंय हे सांगायला गाडीत दोन साधनं होती. एक फियाटचा मूळचा काटा, दुसरं नव्या इंजिनाचं मोजमाप, जे आदर्शच्या मोबाइलवर दिसायचं. मोबाइल म्हणे ब्याण्णव, काटा म्हणे साठ. गाडी एक, पाणी एक आणि उत्तरं दोन!

घरात लगेच दोन पक्ष पडले. आदर्श मोबाइलच्या बाजूचा. पप्पांचा काटा म्युझियममध्ये ठेवा म्हणाला. किशनराव काट्याच्या बाजूचे. मोबाइल लोकांना काय वाट्टेल ते दाखवतो, असं त्यांचं मत. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेटखाली डोकं घातलं, मान हलवली आणि इंजिन खोलना पडता अम्मा, गॅस्केट का डाउट है, म्हणाला. सोमवारी खोलू. सोमवारी! म्हणजे रविवार गेलाच. वर आदर्शनं हुकूम सोडला की दोन्ही आकडे जुळल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. घाटात इंजिन जळालं तर कोण निस्तरणार?

रेणुकाबाईंना चीड आली, पण पोराचं चूक नव्हतं. दोन थर्मामीटर दोन ताप सांगत असतील तर पेशंटला चिरायला घ्यायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं. आधी थर्मामीटर तपासायचे. वॉर्डात त्या दोन्ही एकाच भांड्यातल्या कोमट पाण्यात धरायच्या. शनिवारी सकाळी, इंजिन गार असताना, त्यांनी दोन्ही सेन्सर काढायला लावले आणि दुधाच्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन खाली आल्या. त्यात उद्या दूध तापवायचं आहे, याची किशनरावांनी आठवण करून दिली. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

काट्याच्या सेन्सरला एकच वायर. करंट परत जातो तो सेन्सरच्या आट्यांमधून इंजिनच्या लोखंडात. सेन्सर पातेल्यात म्हटल्यावर ती वाट तुटली. म्हणून आदर्शनं एका सुट्या वायरनं सेन्सरचं पितळी अंग बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं. दोन्ही सेन्सर पाण्यात सोडले, चावी फिरवली. काटा सरसरत वर चढला. मोबाइलवर नव्वद, काट्यावर नव्वद. पाणी निवत गेलं तसे दोन्ही आकडे हातात हात घालून खाली उतरले. आदर्शनं शिट्टी मारली. म्हणजे सेन्सर दोन्ही शहाणे!

किशनरावांनी काट्याचा सेन्सर स्वतःच्या हातानं परत बसवला, आदर्शनं दुसरा. कूलंट भरलं, नळ्यांत अडकलेली हवा काढली, इंजिन चालू केलं. मोबाइल ब्याण्णव. काटा साठ.

आदर्श मटकन पायरीवर बसला. मिस्त्रीला फोन लावतो म्हणाला. बाई मात्र येरझाऱ्या घालत होत्या. पातेल्यात जमलं, इंजिनात जमत नाही. मग पातेल्यात असं काय होतं जे इथं नाही?

"ती सुटी वायर कुठाय रे?" त्या म्हणाल्या. "लाव पुन्हा. सेन्सरला लाव, आहे तिथंच."

वायरचं टोक पितळेला टेकताक्षणी काटा टुणकन उडाला आणि ब्याण्णववर जाऊन बसला. आदर्शनं वायर काढली, काटा आपटला. पुन्हा टेकवली, पुन्हा चढला. तो पोरासारखा हसायला लागला. बाई वाकून सेन्सरकडे बघत होत्या. बुडाशी पांढरी पट्टी डोकावत होती.

"ही ड्रेसिंग कुणी केली?"

"नळाची टेप आहे ती. मीच लावली, पहिल्यांदा बसवतानाही आणि आत्ताही," किशनराव म्हणाले. "आटे काय उघडे ठेवायचे असतात?"

पाणीपुरवठ्यात नोकरी झाली होती त्यांची. काचीगुड्यापासून सुलतान बाजारपर्यंत त्यांनी जोडलेला एकही नळ कधी गळला नाही, हा त्यांचा अभिमान. एरवी दोन वेढे पुरतात. बायको गाडी चालवणार म्हणून यांनी वेढ्यांवर वेढे चढवले होते. त्या पांढऱ्या पट्टीच्या आत करंटची वाट बंद.

"जन्मभर पाणी अडवलंत," बाई म्हणाल्या, "आता करंट अडवला."

किशनराव पुटपुटले की गळायला लागलं तर मला सांगू नका. पण टेप त्यांनी स्वतःच सोलून काढली, आटे चकचकीत पुसले आणि खाली तांब्याचं वॉशर घालून सेन्सर आवळला. या वेळी दोन्ही आकडे ब्याण्णव.

रविवारी घाटात पुढच्या गाड्या अडकल्या. समोर लावलेल्या आदर्शच्या मोबाइलवर आकडे चढायला लागले. शहाण्णव, शंभर, एकशे दोन. काटाही तेच सांगत होता. शेजारी किशनराव ताठ झाले आणि थांबव म्हणाले.

"दोघं एकच सांगताहेत ना? मग हा ताप खरा आहे. खऱ्या तापाला औषध असतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गाडीतला हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची धग भसाभस आत आली. खिडक्या खाली, दोघं घामाघूम, पाय भाजताहेत, आणि काटा मात्र इमानदारीत उतरतोय. सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव. वाट मोकळी झाली तशी बाईंनी पहिला गिअर टाकला आणि फियाट गुरगुरत वर निघाली.

माथ्यावर किशनराव आधी गाडीखाली वाकले. टॉर्च मारून बघितलं. थेंब नव्हता. मग उभे राहून त्यांनी चावीसाठी हात पुढं केला. उतरताना मी चालवतो म्हणाले.

रेणुकाबाईंनी चावी पदरात खोचली.

"उतारावर इंजिन तापत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काट्याकडे बघत बसा."