मरियाबाईंचं डांगर

आमच्या बेलापुरात कुणी फुकट काही करायला लागलं की लोक आधी संशय घेतात. मरियाबाईंचाही घेतला. दवाखान्यात आया म्हणून निवृत्त झालेली ही बाई निम्मी पेन्शन पेटीच्या शलमोन मास्तरांना देते. ते तिच्या ओसरीवर मजुरांच्या पोरांना गाणं शिकवतात. त्यातलं कुणी कॉलेजात गेलं, की फीसाठी बाई आमच्या मागे हात धुऊन लागते. "बाई, धर्म वाढवताय काय?" असं एकानं विचारलं, तर म्हणाल्या, "सा रे गमला कंचा धर्म हाय ते सांग, मग बोलू."

यंदा चार पोरं एकदम कॉलेजात. त्यातली संस्कृती नगरला संगीतात बी. ए. करतेय. उरलेली फी शनिवारपर्यंत भरली नाही, तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

म्हणून चर्चच्या सुगीच्या सणाला बाईंनी परसातलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, लिलावाला आणलं. त्याचे पैसे फीला द्यायचे, असं पाळकसाहेबांनी कबूल केलं. लिलाव मीच पुकारतो. आमची रीत अशी, की बोली जिंकणारा पैसे देतो आणि वस्तू पुन्हा टेबलावर ठेवतो. एकच कोंबडी दहादा विकली जाते.

पहिलीच बोली संस्कृतीच्या वडिलांची. बिभीषण टेम्पो चालवतो, चर्चमध्ये पहिल्यांदाच आलेला. "पाचशे!" पुढं कुणी बोली चढवली नाही, डांगर परत येणारच होतं. त्यानं पैसे दिले, डांगर खांद्यावर घेतलं आणि चालू पडला.

मी कपाळावर हात मारला. स्वतःच्याच पोरीच्या फीवर पाणी सोडून निघालेला माणूस! मी हाक मारणार, तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला.

"खबरदार. दिवसाची कमाई टाकलीय त्यानं. चूक कळली तर परत या दारात पाय ठेवायचा न्हाई."

"आणि फी?"

"बघू." आवाज मात्र पडला होता. मला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त आदर वाटला.

दोन-तीन तासांनी, बाकीच्या वस्तूंचा लिलाव संपता संपता बिभीषण बायकोला घेऊन परतला. तिच्या डोक्यावर पातेलं, त्यात अख्ख्या डांगराच्या घाऱ्या. "देवाच्या दारातलं हाय. एकट्यानं कसं खायाचं?"

माझी जीभ वळवळली. "एक घारी..."

बाईंनी डोळे वटारले. "परसाद इकत्यात व्हय?"

घाऱ्या वाटल्या. गोड होत्या. मी पातेल्याच्या झाकणात पाचशेची नोट ठेवली. शेजारच्या शलमोन मास्तरांनी ठेवली. झाकण रांगेतून फिरत गेलं आणि भरून आलं.

बिभीषण कावराबावरा झाला. "अवो, आमी इकायला न्हाई आनल्या!"

बाईंनी झाकण त्याच्या हातात दिलं. "घे गप. लेक काय तुझ्या एकट्याची हाय?"