गाळलेली दोनशे वर्षं

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. बाजाराची पिशवी झटकली की कोपऱ्यातून चार शेंगदाणे निघतात, तसे ते निघत राहतात. माझ्या पिशवीतले निम्मे तरी एकाच खोलीतले आहेत. बेळगावात कॅम्पात मिशनच्या मागं एक खोली होती, तिच्यावर पाटी होती : ‘अंधांसाठी बोलकी पुस्तकं’. मी शाळेत शिकवायची. ऐंशीनंतरची पाच-सहा वर्षं रोज शाळा सुटली की आणि रविवारी सकाळी मी तिथं जायची आणि टेपरेकॉर्डरसमोर बसून पुस्तकं वाचायची.

पुस्तकं कसली, तर सगळी ती खोली चालवणाऱ्या फादर लोबोंची! चर्चचा इतिहास, संतांची चरित्रं, पोप आणि राजे यांची भांडणं. फादर इंग्रजीतून मराठी करून वहीत लिहीत आणि मी ते वाचायची. खिडकीला गादी लावलेली असायची, तरी चर्चची बाराची घंटा प्रत्येक रविवारच्या रेकॉर्डिंगमध्ये घुसायचीच. सभासद सगळे मिळून सात. प्रत्येकाचा एक फॉर्म असे. त्यात पहिलाच प्रश्न होता, ‘छापील पुस्तक वाचता येते का?’ आम्ही सगळ्यांच्या पुढं डोळे झाकून ‘नाही’ लिहायचो.

* * *

सातवे सभासद बेळगावजवळच्या सांबऱ्याचे कल्लाप्पा अण्णा. शेतकरी माणूस. तरुणपणी कुस्तीच्या फडावर पंच असायचे. पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, पण गावातल्या एकाचा डोळा ऑपरेशनात गेला होता, त्या भीतीनं अण्णांनी दहा वर्षं डोळ्याला कुणाला हात लावू दिला नाही. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. मिल्ट्रीतल्या मुलानं टेप आणून दिला होता. दर शनिवारी बायकोचा, गंगाक्काचा, हात धरून ते बसनं यायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, पोथी आहे का? नव्हती. पुराण? तेही नव्हतं. मग आहे तरी काय? फादर म्हणाले, येशूचं आहे.

“मग त्येचं द्या,” अण्णा म्हणाले. “माणूस कसा हुता ते तरी कळंल.”

* * *

पुढच्या शनिवारी कॅसेट परत आली. तपासायला म्हणून मी शेवटाकडं फिरवली, तर माझा आवाज संपल्यावर खाकरण्याचा आवाज आला. अण्णांनी कुठलं तरी भलतंच बटण दाबलं होतं. फादर काटकसरी, कॅसेटवर पुन्हा टेप करता यावं म्हणून तिची मागची प्लॅस्टिकची पाकळी कधी मोडत नसत. त्यामुळं अण्णांचं सगळं बोलणं टेप झालं होतं!

ते बहुधा गंगाक्काला सांगत होते. माणूस चांगला होता, पण बारा जणांतला एक फितूर निघणार हे त्याला आधीच ठाऊक असूनही त्यानं त्याला पंगतीला बसवलं, हे काही पटत नाही. आणि वाचणारी बाई कोण आहे देव जाणे, जीव गेलेल्यांची नावं शाळेत हजेरी घेतल्यासारखी वाचते.

मला राग आला. फादर मात्र खुर्चीत हलून हलून हसले, आणि त्यांनी तिथल्या तिथं नवा नियम केला. इथून पुढं प्रत्येक कॅसेटच्या शेवटी दहा मिनिटं कोरी सोडायची. ती अण्णांची!

लवकरच बाकीचे सहा सभासद कॅसेट नेताना एकच विचारू लागले, “यावर अण्णा बोललेत का?”

* * *

कॅसेटची बाजू हाताला कळावी म्हणून फादर दुसऱ्या बाजूला बारीक खाच पाडत. अण्णांचा हिशेब वेगळा. त्यांच्या गोठ्यात खूण नेहमी पहिल्या बैलाला. त्यामुळं एका संताचं अख्खं चरित्र त्यांनी आधी दुसरी बाजू आणि मग पहिली असं ऐकलं.

मत आलं ते असं. साधू निम्म्यातच वारला, वाईट वाटलं. पण नंतर तो जन्मला, आईच्या मांडीवर दूध प्याला आणि शेवटी पाटी घेऊन शाळेत निघाला. एवढा गोड शेवट आपल्या कुठल्या पोथीत नाही.

मी फादरना म्हटलं, त्यांना खाच समजावून सांगते. फादर म्हणाले, राहू दे. आमच्यात संताचा सण त्याच्या मरणाच्या तारखेला असतो आणि त्याला आम्ही स्वर्गातला जन्मदिवस म्हणतो. मला हे समजायला पाद्र्यांच्या शाळेत, सेमिनरीत, दोन वर्षं लागली होती.

* * *

पोपच्या निवडणुकीची कॅसेट गेली तेव्हा सांबऱ्यात दूधसंस्थेचा चेअरमन ठरत नव्हता. पुस्तकात होतं, की पूर्वी एकदा निवड लांबत चालली तेव्हा लोकांनी पोप निवडणाऱ्या कार्डिनल मंडळींना कोंडलं आणि त्यांचं जेवण कमी कमी करत नेलं. अण्णांना हे एवढं आवडलं, की त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं. पांढरा धूर निघाला की निवड झाली, हेसुद्धा सांगितलं. पुढच्या सभेला संस्थेच्या खोलीला बाहेरून कडी लागली. ती कुणी लावली ते आजवर कळलेलं नाही.

खोलीच्या भिंतीला लागून अण्णांचं घर. दुपारी गंगाक्कानं ओल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, घालून चूल पेटवली. पांढराफेक धूर कौलांवर आला आणि बाहेर ताटकळलेल्या लोकांनी फटाक्यांची माळ लावून टाकली!

आतले भांडायचे थांबले. खिडकीतून विचारलं, कोण झालं? बाहेरून कुणीतरी ठोकून दिलं, “भरमाण्णा.”

भरमाण्णा झाले.

* * *

एक किस्सा आमच्या घरचाही आहे. माझे आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करून म्हातारे झाले. घरात बुद्धाची मूर्ती, रोज सकाळी वंदना. पोरगी पाद्र्याची पुस्तकं वाचते हे त्यांना खटकत होतं. एकदा फादर माझ्याबरोबर निपाणीला आले. आप्पांनी चहा दिला आणि समोर बसून विचारलं, “तुमच्यात पाण्याचा घडा येगळा असतोय काय?”

फादर म्हणाले, असू नये असं लिहिलेलं आहे.

“लिवल्यालं इचारलं न्हाय.”

फादरनी कप खाली ठेवला. म्हणाले, काही गावांत असतो. मी स्वतः पाहिला आहे आणि गप्प बसलो आहे. त्यानंतर आप्पांनी माझ्या वाचनाला कधी नाव ठेवलं नाही. खरं बोलणारा पाद्री आहे, जा, म्हणाले.

* * *

पापांच्या कबुलीवर अण्णांचं मत सगळ्यात लहान. “सोय चांगली हाय. पण आमच्यात उपेग न्हाय. मी सांगायच्या आधी हिला म्हाईत असतंय.”

मागून गंगाक्काचा आवाज, “सांगा की, सगळंच सांगा.” मग भांडं आपटल्याचा आवाज, आणि बटण बंद. फादरनी हे तीनदा ऐकलं.

* * *

आता मुख्य गोष्ट. फादरनी चर्चचा मोठा इतिहास हातात घेतला होता, एकूण बारा कॅसेटी. सात झाल्या आणि बेळगावात डोळ्यांचं शिबिर आलं. गंगाक्कानं अण्णांना जवळजवळ ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांना दिसेल, पण मोतीबिंदू पिकून गेलाय. आता फार थांबलात तर डोळे कायमचे जातील. दोन महिन्यांनी पुन्हा शिबिर आहे, तेव्हा या.

शनिवारी अण्णांनी फादरना विचारलं, दिसायला लागल्यावर कॅसेटी मिळणार का? खोटं बोलणं फादरना जमत नसे. ते म्हणाले, पाटीवर ‘अंधांसाठी’ लिहिलंय, अण्णा, पाटी मिशनमधल्या वरच्या लोकांची आहे.

अण्णांनी काठीची मूठ चोळली.

“मी शाळंची पायरी चढल्यालो न्हाय,” ते म्हणाले. “डोळं आलं तर पुस्तक माझ्या कामाचं न्हाय. डोळं न्हाईत तवर सगळं वाचायला मिळतंय. बारा कॅसेटी हुईस्तवर मी डोळं करून घेणार न्हाय.”

मला आधी हसू आलं, मग कळलं. म्हणजे या माणसाचे डोळे आता आमच्या वाचनावर अडले होते!

दोनच दिवसांनी गंगाक्का एकटीच शाळेत आली. मधल्या सुट्टीत मला पायरीवर गाठलं.

“बाई, किती ऱ्हायलंय?”

“पाच कॅसेटी.”

“वाच की गं भराभरा. दहा वर्सं झाली, त्या मानसानं माझं त्वांड बघितल्यालं न्हाय.”

* * *

मग आम्ही दोघं घोड्यावर बसलो. फादर पहाटे उठून मराठी करायचे आणि शाळा सुटली की मी वाचायची. कुठं अडखळले तर ‘पुन्हा’ म्हणणारे फादर आता ‘चालेल, चालेल’ म्हणू लागले. तरी दिवस पुरेनात. शेवटी नवव्या कॅसेटीत फादरनी दोनशे वर्षं गाळली. सरळ लिहिलं, ‘पुढील काळात विशेष काही घडले नाही.’ मीही ते गंभीर आवाजात वाचून टाकलं.

शनिवारी कॅसेट परत आली. दहा मिनिटांतलं एकच मिनिट वापरलेलं.

“फादर, बाई, मी कल्लाप्पा. मधी दोनशे वर्सं गेली कुठं? एवढं भांडकुदळ राजं आन् पोप दोनशे वर्सं गप बसलं व्हय? कुस्ती चालू असताना पंचानं डोळं मिटल्यागत झालंय. माझं डोळं आंधळं हाईत, कान न्हाईत. ती वर्सं आल्याबिगर मी शिबिराला जानार न्हाय.”

फादरनी डोक्याला हात लावला. मग दोनशे वर्षं परत घालायला एक अख्खी जादा कॅसेट लागली. बाराच्या तेरा झाल्या!

शेवटची कॅसेट शिबिराच्या आदल्या शनिवारी हातात दिली; उजळणीसाठी आधीच्या बाराही अण्णांनी मागून नेल्या. अण्णांनी ती ऐकली, बसमध्ये बसले आणि डोळे करून घेतले.

* * *

सव्वा महिन्यानं दोघं आले. अण्णांच्या डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी नाही. दारातच थांबून त्यांनी आम्हाला न्याहाळलं. फादर अगदीच किरकोळ अंगाचे.

“तुमी फादर? आवाजावरनं मी तुमास्नी पैलवान समजलो हुतो.”

गंगाक्काला पहिल्यांदा बघितल्यावर काय म्हणालात, असं मी विचारलं. उत्तर तिनंच दिलं, “म्हातारी झालीस म्हनाले. मी म्हनलं, तुमी तेरा कॅसेटी ऐकत बसलासा, मग काय हुनार?”

अण्णा सभासदत्व सोडायला आले होते. सगळ्या कॅसेटी धुतलेल्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. गाठोडं टेबलावर ठेवताना त्यांचा हात त्याच्यावर जरा जास्तच वेळ राहिला. फादरनी मात्र गाठोड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी कपाटातून अण्णांचा फॉर्म काढला, तो जाडजूड इतिहास अण्णांपुढं उघडून ठेवला आणि साहेबी आवाजात म्हणाले, “तपासणी आहे. बघा.”

अण्णा वाकले. चष्मा वर-खाली केला. पानावरून हळूच बोट फिरवलं.

“एवढी बारीक असत्यात व्हय अक्षरं?” ते म्हणाले. “एवढ्या मोठ्या भांडणांची?”

“वाचता येतंय?”

“न्हाय, फादर.”

फादरनी पहिल्या प्रश्नापुढं ‘नाही’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग पुस्तक तसंच गंगाक्काकडं सरकवलं. तिनं पदर सावरला, पानाकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं.

“मलाबी न्हाय,” ती म्हणाली.

फादरनी नवा फॉर्म काढला.

त्या दिवशी अण्णांनी तो सगळा इतिहास पुन्हा मागून नेला, यावेळी दोघांच्या नावावर. महिन्यानं तेरावी कॅसेट परत आली. मी आणि फादर खुर्च्या ओढून बसलो. माझा आवाज संपला, नेहमीचं खाकरणं आलं, “फादर, बाई, मी कल्ला…” आणि बटण दाबल्याचा आवाज झाला.

मग गंगाक्का.

“सगळं ऐकलं. ती दोनशे वर्सं गाळली असती तरी चाललं असतं.”