शीटवरचं भोक

आमच्या कॉलेजात मशीन ड्रॉइंगच्या शीटवर बेंच व्हाइसच्या जबड्याला एक भोक असायचं. खऱ्या व्हाइसला ते नसतं. व्हाइस म्हणजे टेबलाला बोल्टनं पक्का बसवलेला लोखंडी शिकंजा. कानस मारायचा तुकडा त्याच्या दोन जबड्यांत आवळून धरतात. मुलं जिथे भोक दाखवायची तिथे कुणी खरोखर पाडलं असतं, तर दांडा जोरात फिरवल्याबरोबर जबडा तडकला असता. पण दर वर्षी, दर शीटवर ते असायचं, आणि कुणा उत्साही मुलानं त्याला मापही देऊन ठेवलं होतं.

या भोकाचा मी माग काढला होता. जुन्या एका बॅचमधल्या हुशार मुलाच्या शीटवर चहाचा थेंब सांडला. पुढच्या वर्षी ती शीट उतरवणाऱ्यानं डागाची कडसुद्धा इमानेइतबारे गिरवली. त्याच्या पुढच्यानं तिथे कंपास फिरवला, त्याच्याही पुढच्यानं मध्यरेषा मारल्या, आणि डागाचं भोक झालं. चारही जण पास झाले.

उतरवायच्या या पद्धतीला मुलं जीटी म्हणत, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन स्टुलांवर काच आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेषा वर उमटतात, त्या गिरवत जायचं. हात चालतो, डोकं मोकळं राहतं. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या खिडक्यांना काचा उरत नसत. एकदा तर आमच्या विभागाच्या नोटीस बोर्डाची काच गेली, आणि सबमिशन संपल्यावर पुसूनबिसून परत आली. तेवढी माणुसकी मुलांत होती.

अंबडच्या एका कारखान्यात काही वर्षं काढून मी शिकवायला आलो, ते नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असताना. शिफ्टला कंटाळलो होतो, हे खरं कारण. लोकांना सांगताना मात्र मी नव्या पिढीबद्दल बोलायचो, आणि सुरुवातीला ते मलाही खरं वाटायचं. मग हळूहळू घसा बसायला लागला. वर्गात शिरलं की माना हलायला लागत. प्रश्न विचारला की त्याच माना खाली जात. "समजलं का?" या प्रश्नाला सत्तरऐंशी मुलं एका सुरात "हो सर" म्हणतात, तेव्हा काहीच समजलेलं नसतं, एवढं ज्ञान मला या नोकरीनं दिलं. द्राक्षांच्या दिवसांत तर बागायतदारांची पोरं घरीच असत आणि त्यांची हजेरी दुसरीच पोरं आवाज बदलून देत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. भांडायलाही अंगात जोर लागतो.

वर्गात जमत नाही तर बाहेर न्यावं, असं मनाशी धरून मी एकदा सगळ्यांना अंबडला घेऊन गेलो. ओळखीच्या माणसाचा छोटा मशीन शॉप होता. त्यानं बिचाऱ्यानं काम थांबवून लेथ दाखवला, मिलिंग दाखवलं. मुलांनी समोसे खाल्ले, गेटपाशी फोटो काढले, आणि आठवड्यानं रिपोर्ट दिले. निम्म्या रिपोर्टांत भट्टीचं सविस्तर वर्णन होतं. त्या शॉपात भट्टी नव्हती. आधीची बॅच दुसऱ्याच कारखान्यात गेली होती, तिथे भट्टी होती, आणि तिचे रिपोर्ट हॉस्टेलात जपून ठेवलेले होते. मी रागानं लाल झालो, मग स्टाफरूममध्ये जाऊन एकटाच हसत बसलो, आणि मग नुसताच बसलो.

त्यानंतर मला एकच हट्ट सुचला. एक शीट, फक्त एक, मुलांनी स्वतः मोजून काढायची. शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडून घ्यायचं, बारीक मोजायचा व्हर्नियर हातात घ्यायचा, खऱ्या व्हाइससमोर उभं राहून मापं घ्यायची आणि मग कागदावर यायचं. विभागप्रमुखांनी परवानगी दिली, वर म्हणाले, "करा, पण टर्म ग्रँट करताना घोळ नको. पोरांच्या शीटवर सह्या वेळेत झाल्या पाहिजेत." सह्यांशिवाय टर्म ग्रँट होत नसे, आणि त्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे.

पहिल्या शनिवारी अर्धा वर्ग आला. पुढच्या शनिवारी क्रिकेटची मॅच होती. त्याच्या पुढच्या शनिवारी कशाची तरी सुट्टी असल्याची अफवा होती. मग एकच मुलगी येत राहिली.

ती पेठ गावाच्याही पलीकडच्या पाड्यावरची. घरी डोंगरउतारावर भात आणि नागली, आणि सुगी संपली की घरची माणसं द्राक्षबागांत कामाला उतरत. हॉस्टेलवर राहायची. वर्गात तोंड उघडायची नाही, कारण उघडलं की गावाकडची बोली बाहेर यायची आणि मागच्या बाकांवर हसणं सुरू व्हायचं. आदल्या वर्षी ड्रॉइंगच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती. आणखी दोन विषय मागे राहिले होते. या खेपेला ड्रॉइंग पुन्हा गेलं की वर्ष जाणार, हे तिला पाठ होतं.

"मागच्या टायमाला जीटीच मारली होती सर," ती पहिल्याच शनिवारी म्हणाली होती. "परीक्षेला आलेल्या सरांनी विचारलं, हे काय हाय? माझ्या तोंडातून शब्द नाय निघाला. गिरवलं होतं, बघितलं कुठं होतं?"

"आता बघ मग," मी म्हणालो.

"मोजून काढलं तर पास व्हईन ना?"

"होशील की."

"नाय, नक्की सांगा. वर्ष गेलं तर मी परत यायची नाय. बाबा काय बोलायचे नायत, पण मलाच नाय जमायचं परत यायला."

मी नक्की म्हणून सांगितलं. स्वतः बघून, स्वतः मोजून, स्वतः काढणाऱ्याला कोण नापास करणार, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

तिला ते काम सोपं गेलं नाही. व्हर्नियर उलटा धरायची. मापं घ्यायची, विसरायची, परत घ्यायची. दांडा फिरवत फिरवत एकदा तिनं पुढचा जबडा स्क्रूसकट बाहेर ओढून काढला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बरं झालं, आता आतलं दिसेल. मग पुढचे दोन शनिवार ती आतलंच बघत होती. स्क्रूचे आटे बोटांनी चाचपत होती. थंडीत लोखंड असं गार पडायचं की मी हात खिशात घालून उभा राहायचो, पण तिच्या ते लक्षातही येत नसावं. फार वर्षांनी मला नोकरीत बरं वाटत होतं. शनिवारी जेवून निघताना बायको म्हणायची, आज कंटाळा नाही दिसत.

तिची शीट झाली ती देखणी नव्हती. खोडून खोडून कागद खरबरीत झाला होता, अक्षरं लहानमोठी होती. पण व्हाइस आमचाच होता, जसाच्या तसा, आणि जबडा भरीव होता. बाकी वर्गानं शेवटच्या आठवड्यात काच आणि दिवा गाठला. त्यांच्या शीट स्वच्छ, एकसारख्या, भोकासकट आल्या. मी वर्गात ओरडलो, शीट परत केल्या. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "सगळ्या वर्गाची टर्म अडकवणार का? सही करून टाका." मी सह्या केल्या, भोक असलेल्या आणि नसलेल्या दोन्हींवर.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. माणूस वाईट नव्हता. दोन कॉलेजं उरकून आलेला, दमलेला, पुढे तिसरं कॉलेज असलेला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आधी मिसळ झाली, चहा झाला, जाताना द्यायची द्राक्षांची पेटी कपाटामागे तयार होती. सकाळभर मुलं येत गेली. परीक्षक शीट बघायचे, दोन प्रश्न विचारायचे, गुणपत्रकावर शाईनं आकडा टाकायचे. बहुतेकांना चांगले गुण पडले. मी शेजारी बसून बोर्डावरची माशी हाकलत होतो.

जेवणाच्या आधी तिचा नंबर आला. परीक्षकांनी शीट उलगडली, कपाळाला आठी घातली आणि जबड्यावर बोट ठेवलं.

"इथलं भोक कुठाय?"

"तिथं भोक नाय सर."

"नाही कसं? सकाळपासून बघतोय, सगळ्यांनी दाखवलंय. तू विसरलीस."

"व्हाइसलाच नाय सर. मी मोजलाय तो."

"मग बाकीचा वर्ग वेडा आहे का?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, "सर, तिचंच बरोबर आहे. बाकीच्यांनी जीटी मारलीय." परीक्षकांनी गठ्ठ्यातली एक शीट ओढली आणि माझ्यापुढे धरली. "ही सही तुमचीच ना?" आवाजात राग नव्हता, नुसता दमलेपणा होता. मी म्हणालो, हो, माझीच. वर्कशॉप समोरच आहे, चला दाखवतो, असंही म्हणालो. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "राहू द्या हो सर, आता कुठे उन्हात." आणि तिला म्हणाले, "विसरलं तर विसरलं म्हणावं. वाद घालू नये."

तिची मान खाली गेली. झालं, मी मनात म्हणालो. तेवढ्यात ती वळली आणि परवानगी न घेताच बाहेर गेली. परीक्षकांनी पुढचा नंबर पुकारला. त्या मुलाचे प्रश्न संपता संपता ती परत आली. छातीशी दोन्ही हातांनी धरलेला व्हाइसचा जबडा होता, स्क्रू आणि दांड्यासकट. कुर्त्यावर ग्रीसचा काळा पट्टा उमटला होता आणि धाप लागली होती. तिनं ते ओझं टेबलावर ठेवलं, गुणपत्रकाच्या अगदी शेजारी.

"दाखवा सर," ती म्हणाली. "कुठं हाय?"

परीक्षकांनी लोखंडाकडे बघितलं, मग शीटकडे, मग सकाळपासून शाईनं भरत आणलेल्या त्या गुणपत्रकाकडे. मला त्यांची अडचण कळत होती. ती बरोबर म्हणावी तर वरचे सगळे आकडे चुकीचे ठरत होते, आणि तिथे खाडाखोड चालत नाही. त्यांनी तिला एक प्रश्न विचारला, हा आटा चौकोनी का असतो? तिनं उत्तर दिलं, बोट आट्यावर ठेवून, अडखळत पण पुरं. त्यांनी काठावर पास होण्यापुरता आकडा टाकला आणि म्हणाले, "चला, जेवून घेऊ." माझं जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी परवानगीशिवाय वर्कशॉपची वस्तू हलवल्याबद्दल मला मेमो मिळाला, तो मी मुकाट्यानं खिशात घातला.

निकाल लागला तेव्हा ती स्टाफरूमच्या दाराशी आली. मला वाटलं पेढे आणले असतील. हात मोकळे होते.

"तुम्ही म्हटला तशी पास झाले सर. वर्ष वाचलं."

"झालीस ना? मी म्हटलं होतं."

"जीटी मारून या टायमाला नुसतं पाठ केलं असतं, तर जास्त पडले असते ना?"

खोटं बोलायचा फार मोह झाला. पण तिच्याशी खोटं बोलणं जिवावर आलं. "हो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. वर्गात हलतात तशी नव्हे. तिला खरंच समजलं होतं. "हॉस्टेलवरच्या मुली हसत होत्या," ती म्हणाली. "एवढं उचलून नेलंस आणि काठावर. पुढच्या टर्मला लय विषय हायत सर. तुम्ही रागवू नका हां."

मी म्हणालो, नाही रागवत.

पुढच्या टर्मला तिची शीट वेळेत आली. रेषा स्वच्छ, अक्षरं एका उंचीची, कुठे खोडल्याची खूण नाही. गठ्ठ्यात ठेवली तर कुणाची कोणती ते सांगता आलं नसतं. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. मी पेन उघडलं आणि सही केली.