गवतगुरुजी आणि गंगव्वाची गाय

गवतगुरुजींना कुठल्याही गवताचं नाव विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: “सांगता येत नाही.” शाळेत शास्त्र शिकवणारा माणूस, सगळा माळ पायाखाली घातलेला, आणि म्हणे सांगता येत नाही! मंद्रूपच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेवर ते आले तेव्हा बायका पदराआड हसायच्या. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, चौथीतून शाळा सुटलेली. मलाही वाटायचं, यांना पगार तरी कशाचा मिळतो बाई!

मग हळूहळू कळलं, की त्यांचं ‘सांगता येत नाही’ ही नुसती सुरुवात असायची. गवताला निघालेल्या आम्हा बायकांना थांबवून ते एक काडी मागून घ्यायचे आणि दोन बोटांत फिरवायचे. काडी तीनधारी लागली, तर ते गवत नव्हे, लव्हाळा. गोल फिरली आणि मध्ये पेराची गाठ लागली, तर गवत. मग पान खोडाला जिथं बिलगतं तिथं नखानं हलकेच सोडवायचे. आत पापुद्र्यासारखं इवलंसं काहीतरी असायचं. “ही जिभली,” ते म्हणायचे. “गवत आपली ओळख सांगतं ते हिच्यानं.”

माझी जाऊ म्हणाली, “गुरुजी, आमच्या सासूबाईंची जीभ एवढीच असती तर लई बरं झालं असतं की!”

“तो वर्ग निराळा,” गुरुजी गंभीरपणे म्हणाले. आम्ही हसून हसून खाली बसलो. ते मात्र काडीच बघत होते.

जनावरं आवडीनं खातात त्या मारवेल गवताच्या पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. हरळी उपटली की जमिनीतून लांबच्या लांब दोरी निघते, तिला आम्ही मूळ म्हणायचो. ते म्हणायचे, “पेर आहे ना तिला? मग ते खोडच. जमिनीखाली लपलं म्हणून खोडाचं मूळ होत नाही.” आणि एक गोष्ट तर ते घोकून घ्यायचे: कणीस आल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, कणीस नसेल तर निदान पेर तरी धरू द्यायचं. “जनावराच्या तोंडात जाणारी वस्तू आहे. ‘हे काय’ म्हणून त्याला विचारता येत नाही.”

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माळ भाजून निघाला. आम्ही सगळी खडी फोडायला जायचो. जनावरं कुणी छावणीला नेली, कुणी मिळेल त्या भावात विकली. आमच्या शेजारची गंगव्वा तेवढी ऐकेना. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. घरात ती आणि गाभण गाय गौरा. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि तेही जास्त गाईशीच. “गौरा गेली तर म्या बोलू कुणासंगं?” म्हणायची.

मध्येच एक भटकी सर पडून गेली, आणि ओढ्याच्या पोटात हिरवं फुटलं. वीतभरसुद्धा नाही. गंगव्वानं मूठभर खुडलं आणि मला ओढत गुरुजींच्या दारात नेलं.

“गुरुजी, हे चालंल न्हवं?”

“सांगता येत नाही. पेर धरलेलं नाही अजून. थोडे दिवस थांबा.”

“थांबायला गाय तर ऱ्हायाला पायजे की! उठंना झालीया ती. एन माडली, काय करू सांगा! तुमी नुसतं व्हय म्हणा.”

गुरुजी तिच्या गोठ्यात आले. गौरा आडवी पडून भिंतीची माती चाटत होती. पोटात वासरू, आणि वरून नुसत्या फासळ्या. गुरुजींनी पानं उलटीपालटी केली, वास घेतला, पुन्हा गाईकडे बघितलं. “मारवेलच असावं,” ते अगदी हळू म्हणाले.

गंगव्वानं ओटीभर कापून आणलं. गौरा खायला लागली तसा तो कुरकुर आवाज ऐकत आम्ही तिघं उभे राहिलो. किती दिवसांनी गोठ्यात तो आवाज आला होता! पण थोड्याच वेळात गाय धापा टाकायला लागली. तोंडाला फेस आला, पाय झाडले, आणि मान पडली.

गुरुजी तडक ओढ्यात गेले आणि कापलेल्या जागेवर बोटांनी उकरायला लागले. मी मागोमाग गेले होते. खालून बोटाएवढं जाड, पांढरं खोड निघालं. बरू होतं ते, ज्वारीचंच भावंड. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, त्याची किराळ लागून जनावर मरतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण एवढ्याशा कोंबात बरू कोण ओळखणार?

“पेरं होती,” गुरुजी म्हणाले. “खाली होती. मी उकरलं नाही.”

गंगव्वानं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. “तुमी न्हाय म्हणाला असता तरी म्या चारलंच असतं,” म्हणाली. त्यानं ते जास्तच खचले. पुढं कुणी काडी दाखवली की बघायचे नाहीत, परत हातात द्यायचे. वर्षभरात त्यांची बदली बार्शीकडे झाली. पुष्कळ वर्षांनी, ते वारल्याचं उडत उडत कानावर आलं.

पण मला ते आठवतात ते बदलीच्या थोडे आधीचे. पाऊस झाला होता, माळ हिरवा होता. गाय नाही म्हणून गंगव्वा आता गवत कापून मंद्रूपच्या बाजारात विकायची. एका बाजारच्या दिवशी आम्ही दोघी निघालो होतो. तिनं भारा गुरुजींच्या पायरीवर टाकला.

“बघा.”

“गंगव्वा, मला नका विचारू.”

“मग कुणाला इचारू? माजी गाय गेली. आता हे दुसऱ्याच्या गाईच्या तोंडात जायाचं हाय. बघा म्हणते न्हवं!”

गुरुजी खाली बसले, भारा सोडला आणि काडी काडी बोटांत फिरवून बघायला लागले. पेर, जिभली, कणीस. पटलेली एका बाजूला, शंकेची दुसरीकडे. निम्मा भाराही झाला नव्हता आणि ऊन चढत होतं. मी म्हटलं,

“गंगव्वा, बाजार उठंल की गं!”

“उठू दे की,” ती म्हणाली, आणि भाऱ्यातली पुढची काडी काढून त्यांच्या हातात दिली.