लांडग्याला हाकललं तो दिवस

नव्वदच्या सुमारास मी पनवेलजवळ विचुंब्याला बालवाडी चालवत असे. एकदा मी मुलांना शेळी आणि तिच्या करडांच्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक दाखवत होते. पुढ्यातच एक चार वर्षांची मुलगी बसली होती. दिवाळीपासून ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती.

चित्रातल्या लांडग्याने दारावर थाप मारली. मी गोड आवाज काढला, "बाळांनो, मी आई. दार उघडा."

ती मुलगी ताडकन उठली. "उघडू नका! आई नाय, लांडगा हाय!"

सगळा वर्ग तिच्यासोबत ओरडू लागला. पुढच्या पानावर करडं दार उघडतात. मी ते पान उलटलंच नाही. लांडगा उपाशीच परत गेला, असं सांगून टाकलं.

न्यायला आलेल्या आईला तिने दारातूनच सांगितलं, "आमी लांडग्याला हाकलला!"