टाच शेवटी

नवागामला आमच्या शेजारच्या मावशी हाताने मोजे विणत, पण टाच सगळ्यात शेवटी. आधी लोकरीची सरळ नळी विणायच्या. मग टाचेच्या जागी धागा कापून, सुटलेले टाके सुयांवर घेऊन टाच विणायच्या. विणताना ओठांतल्या ओठांत टाके मोजत.

वडिलांच्या टाचेवर लूमवरच्या अपघाताचा व्रण होता. कडोदऱ्याच्या मिलमध्ये त्यांना वॉचमनची नोकरी मिळत होती, पण बूट सक्तीचे होते आणि बाजारचा मोजा व्रणाला घासायचा. मी बी.ए. झालो होतो, तरी मला उपाय सुचला नव्हता. मावशींनी विणलेली नळी वडिलांना पायात घालायला लावली आणि कात्री मागितली.

"मावशी, सगळं उसवेल," मी म्हणालो.

"तू आपलं पुस्तक वाच रे भाऊ. तात्या, दुखतं कुठं ते बोटानं दाखवा."

वडिलांनी बोट ठेवले. हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. मावशींनी तिथे खूण केली, नळी काढून घेतली, जोड व्रणावर येऊ नये म्हणून त्यापासून बोटभर दूर धागा कापला आणि सैल टाच विणली.

कामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी वडील बुटांसकट मावशींच्या दारात उभे राहिले.

"आज दिवसभर पायाची आठवणच झाली नाही," ते म्हणाले.